टोक नसलेलं टेबल

आमच्या ह्यांनी आयुष्यभर सरकारचे कारखाने काढले. काढले म्हणजे कागदावर. लग्न ठरलं तेव्हा जावई आर्किटेक्ट आहे हे ऐकून माझ्या आईने विचारलं होतं, मग बंगले कुणाकुणाचे बांधले? बंगला एकही नाही. बॉयलरघरं, गोदामं, पाण्याच्या टाक्या, हजेरीच्या खोल्या आणि एक कॅन्टीन. देशात समाजवादी धाटणीचा समाज घडवायचं चाललं होतं. सरकार स्वतः घड्याळं जुळवत होतं, पाव भाजत होतं, औषधाच्या गोळ्या पाडत होतं, आणि ह्या सगळ्यावर जी छपरं लागायची ती मुंबईच्या एका सरकारी कार्यालयात काढली जायची. भाजे गावचे हौशीराम ओव्हाळ शिष्यवृत्तीवर शिकून त्या कार्यालयात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले.

त्या कार्यालयात कुणाला नाव नव्हतं. आराखड्यावर सही फक्त मुख्य वास्तुविशारद सन्याल साहेबांची. बाकीचे सगळे वाकून रेघा ओढणारे. ह्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. "कारखाना लोकांचा, त्यावर माझं नाव कशाला?" असं तरुणपणी हे छाती काढून सांगायचे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवायचे, आणि वहीवर नाव नसलं की मी ती वही तपासतच नसे.

आणि आता, ऐंशी उलटल्यावर, ह्यांना नाव हवंसं वाटलं.

निमित्त झालं चैतालीचं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याच्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकवते. कामशेतच्या पुढे सरकारचा मापयंत्रांचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. जागा विकली गेली, तिथे गोदामं येणार म्हणून पाडापाडी सुरू झाली. त्याआधी चैतालीने सगळ्याचे फोटो काढून ठेवले आणि जुन्या सरकारी कारखान्यांचं एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एका रविवारी वलवणला आमच्या घरी येऊन तिने लॅपटॉपवर फलक दाखवायला सुरुवात केली. एका फलकावर त्या कारखान्याच्या कॅन्टीनचा जुना फोटो होता. खाली लिहिलं होतं, वास्तुविशारद: सन्याल.

"हे माझं आहे," हे म्हणाले.

"हो ना सर, तुमच्याच ऑफिसचं."

"ऑफिसचं नाही. कारखाना सन्याल साहेबांचा, असू दे. कॅन्टीन माझं. ते टेबल माझं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण परक्या माणसासमोर 'माझं' म्हणताना मी ह्यांना पहिल्यांदा ऐकलं. चहाचा ट्रे हातात धरून मी तशीच उभी राहिले.

त्या टेबलाची हकिगत सांगायला हवी. भाज्याला जत्रेची पंगत बसायची तेव्हा ह्यांच्या आळीची माणसं पंगतीच्या टोकाला बसत, मध्ये जरा अंतर सोडून. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला, पंगतीतली जागा बदलली नाही. वाढणारा टोकापर्यंत पोचायचा तोवर भाजीतला नुसता रस्सा उरलेला असायचा. हे तेव्हा बारा वर्षांचे होते आणि ह्यांना भूक सहन व्हायची नाही. आजही होत नाही.

पुढे हे साहेब होऊन मावळातच कारखाना काढायला आले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतल्या पोरांना तिथे नोकऱ्या मिळणार होत्या. मराठ्यांची पोरं, आमची पोरं, सगळी एका छपराखाली. कार्यालयाच्या ठरीव नमुन्यात कॅन्टीनला सुटी लाकडी टेबलं असत. सुट्या टेबलांचं काय होणार हे भाज्याच्या माणसाला कुणी सांगायला नको. आठवडाभरात त्यातलं एक टेबल कोपऱ्यात सरकलं असतं.

म्हणून ह्यांनी एकच टेबल काढलं. मोठं थोरलं, लंबगोल, हातातल्या कड्यासारखं, मधोमध मोकळी जागा. काँक्रीटचे पाय जमिनीत गाडलेले, वर कडप्पा, भोवतीची बाकंही पक्की. ते सरकवता येणार नव्हतं आणि त्याला टोकच नव्हतं. वाढणाऱ्या बाईने मध्ये उभं राहून सगळ्यांना सारखं वाढायचं. स्थानिक इंजिनिअरशी भांडून, उन्हात उभं राहून ह्यांनी ते ओतून घेतलं. कुणी एक मंत्री आले, त्यांना ते फार आवडलं, आणि त्या कॅन्टीनचा नमुना आराखडा झाला. नमुना झाला म्हणजे देशभर जिथे जिथे असा कारखाना निघेल तिथे तेच टेबल. नंतर लांबलांबच्या कारखान्यांतून कुरकुर यायला लागली, टेबल गैरसोयीचं आहे म्हणून. एकाने तर मधल्या जागेत क्रोटनच्या कुंड्या ठेवून दिल्या. हे हसून म्हणायचे, "लोकांना समतेची सवय नाही."

मावळात मात्र कॅन्टीन सुरू झाल्यापासून दीड वर्षातच कामगारांनी ते टेबल फोडलं. कॅन्टीन समितीने ठराव केला आणि घण घालून एका बाजूचा तुकडा काढून टाकला. कड्याला दोन टोकं झाली. समितीचा सेक्रेटरी होता शिरगावचा बाजीराव गराडे, मोठ्या शेतकरी घरातला. ह्यांनी त्याचा एकच अर्थ लावला: लोकांना पंगतीचं टोक हवं होतं, ते त्यांनी करून घेतलं. त्या कॅन्टीनमध्ये हे पुन्हा पाऊल टाकायला गेले नाहीत. एवढंच नाही, त्यानंतर माणसं जिथे जेवतील असं काहीही ह्यांनी काढलं नाही. कॅन्टीनचं काम आलं की दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे आणि स्वतः बॉयलरघर मागून घ्यायचे. बॉयलरघरात माणसं माणसांसारखी वागत नाहीत, असं म्हणायचे.

"माझा विश्वास आहे सर," चैताली म्हणाली. "पण हा जुना फोटो सन्याल साहेबांच्या मुलीने दिलाय. तिच्या मते टेबल तिच्या वडिलांचं. तुमचं आहे हे सांगणारं आणखी कुणी आहे?"

"एकच आहे. बाजीराव गराडे. जमीन गेली म्हणून आमच्या साइटवर मजुरीला आला होता, टेबल ओतायला तोच होता. आणि फोडायलाही."

"मग जाऊ या ना त्यांच्याकडे."

"मी त्याच्या दारात जाणार नाही," म्हणून हे उठून आत गेले.

ह्यांना नाव तर हवं होतं, आणि ते ज्याच्या तोंडून यायचं त्याचं तोंड बघायचं नव्हतं. मग चैतालीला घेऊन मीच गेले. मला बाजीरावाच्या दारात जायला काही वाटत नव्हतं. निम्म्या मावळातली पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत, कुठल्याही दारात मला चहा मिळतो.

शिरगावला बाजीरावांचं घर साईबाबांच्या देवळापासून जवळ. पुढचं अंगण भक्तांच्या गाड्या लावायला दिलेलं, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधून वाट काढत आम्ही ओट्यावर पोचलो. बाजीराव पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. त्यांच्या बायकोने, येसूबाईंनी, आम्हाला तिथेच बसवून चहा दिला.

"ओव्हाळबाई ना तुमी? माज्या भाचीला शिकवलंत," बाजीराव म्हणाले. मी कशाला आले ते सांगितल्यावर त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "ते टेबल? व्हय, त्येंचंच की. दुसऱ्या कुनाच्या डोस्क्यात येनार हाय असलं? इंजिनेर म्हनत हुता, सुटी टेबलं आना. ह्ये म्हनले, न्हाई. तितंच हुबं ऱ्हाऊन ओतून घेतलं आमच्याकडनं. तो सन्याल तर मावळात एकदाबी आला नसंल."

चैतालीने ते फोनवर टिपून घेतलं. काम झालं होतं, आम्ही उठायला हरकत नव्हती. पण मी शिक्षिका, मला पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

"मग फोडलं का?"

"झुंबरबाईपायी."

"कोण झुंबरबाई?"

"वाढाया हुती. तुमच्या वलवनचीच. आता न्हाई ती." बाजीराव खुर्चीत पुढे सरकले. "आवं, तिला आत जाया वाट कुटं ठिवली हुती? आमटीची बादली फुडं सरकवायची आन टेबलाखालनं रांगत जायाचं. बादली संपली की रांगत भाईर. बाप्यांच्या पायातनं. बाईमानसाला बरं दिसतं का? एक डाव सांडली, हात भाजला तिचा. आमी दिल्लीला, खात्याला लिवलं. दिल्लीनं कळवलं, नमुना आराखडा हाय, बदल करता येनार न्हाई. मंग घातला घण."

इतकी वर्षं ते टेबल मी ह्यांच्या तोंडून ऐकत होते, ह्यांनी काढून दाखवलेलं बघत होते. त्या चित्रात वाढणारी बाई आधीच आत उभी असायची. ती आत कशी गेली हे मीही कधी विचारलं नव्हतं. सन्याल साहेबांनी विचारलं नाही, दिल्लीने विचारलं नाही, मंत्र्यांनी तर नाहीच नाही. क्रोटनच्या कुंड्या का ठेवल्या होत्या ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

"आणि फोडल्यावर?" मी विचारलं. "मग कोण कुठे बसायचं?"

बाजीरावांनी बशी खाली ठेवली. "आता काय ध्यानात ऱ्हातंय, बाई. लय वर्सं झाली." आणि येसूबाईंना हाक मारून त्यांनी आमच्यासाठी आणखी चहा सांगितला. आमचे कप भरलेलेच होते.

घरी येऊन मी ह्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. नाव मिळणार म्हणून हे खूश होतील असं मला वाटलं होतं. हे खवळले. बाजीराव बनवतोय म्हणाले, बाई टेबलावरून वाकूनही वाढू शकली असती म्हणाले, मग जेवलेसुद्धा नाहीत, आणि ह्यांनी न जेवणं म्हणजे गंभीर मामला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीहून येते तो जेवणघरातून धडपडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आमचे हे जेवणाच्या टेबलाखाली. पुढे न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली, अर्धी पाण्याने भरलेली. फरशीवर पाणी, ह्यांचा लेंगा भिजलेला, आणि हे ना आत जात होते ना बाहेर येत होते.

"अहो, मरायचंय का?" मी ओरडले.

"खुर्ची काढ आधी," हे खालून म्हणाले.

खुर्च्या बाजूला करून, दंडाला धरून मी ह्यांना बाहेर ओढलं. हे फरशीवरच बसून राहिले. गुडघा चोळत म्हणाले, "बादली सरकवताना खाली बघावं लागतं, नंदा. मान वर करता येत नाही. आणि भोवती सगळ्यांचे नुसते पाय." मग म्हणाले, "मी फक्त बसणाऱ्यांचा विचार केला."

मला ह्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. मी टॉवेल आणून दिला.

त्या दिवसापासून हे वेगळेच झाले. ह्यांना वाईट वाटलंच, झुंबरबाईंचं कुणी वलवणात आहे का हे विचारत दोन दिवस फिरलेही, पण कुणी सापडलं नाही. मात्र त्याबरोबर ह्यांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. लोकांनी टेबल जातीसाठी फोडलं नव्हतं. आपण एक वाट ठेवायला विसरलो म्हणून फोडलं. ही गोष्ट ह्यांना इतकी आवडली की मला नवल वाटायचं. चूक सापडल्यावर एवढा आनंदी झालेला माणूस मी पाहिला नव्हता. भाज्याच्या जत्रेला बोलावणं यायचं, हे कधी जात नसत. ह्या वर्षी गेले आणि दोन वेळा भाजी मागून जेवले. बाजीरावांना स्वतः फोन करून प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. मी ह्यांना भरलेल्या कपांचं सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "तू संशय घेऊ नकोस. मी पुरेसा घेतलाय."

चैतालीने फलक नव्याने करून आणला. वर ह्यांचं नाव, खाली तिने मजकूर लिहिला होता: जातिभेदाला काँक्रीटने दिलेलं उत्तर. ते वाचून ह्यांनी नकारार्थी मान हलवली आणि स्वतःचा मजकूर दिला. तो असा होता:

'हे टेबल मी काढलं. त्याला टोक असू नये असा हेतू होता. वाढणाऱ्या झुंबरबाईंना आत जायला मी वाट ठेवली नाही, म्हणून कामगारांनी ते फोडलं आणि योग्य केलं. त्यांनी ते जात पाळण्यासाठी फोडलं असं मी पन्नास वर्षं समजत होतो. दोन्ही चुका माझ्या. हौशीराम ओव्हाळ, वास्तुविशारद.'

"सर, लोक फक्त चूक लक्षात ठेवतील," चैताली म्हणाली.

"ठेवू देत. आमच्या ऑफिसात कुणाचं नाव नव्हतं म्हणून चूकही कुणाची नव्हती. श्रेय सन्याल साहेब घ्यायचे, पण शिव्याही बिचाऱ्यांनीच खाल्ल्या. आता नाव हवंय तर चुकीसकट हवं."

मला हे मुळीच आवडलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी नाव मिळतंय तर जरा ताठ मानेने घ्यावं, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं. पण हे हसत होते. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

प्रदर्शन पुण्यात कॉलेजच्या हॉलमध्ये भरलं. तोपर्यंत मावळातलं कॅन्टीन भुईसपाट झालं होतं. पहिल्या दिवशी बऱ्यापैकी गर्दी होती, विद्यार्थी येऊन ह्यांच्या पाया पडत होते, आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून फलकासमोरच्या खुर्चीत नवरदेवासारखे बसले होते. दुपारी बाजीराव आले. त्यांचा मुलगा पवन त्यांना गाडीतून घेऊन आला होता. ह्यांनी उठून हात जोडले. बाजीरावांनीही जोडले आणि ते फलक वाचायला लागले.

त्यांनी एकदा वाचलं. मग जवळ जाऊन, ओळीखाली बोट धरून, पुन्हा वाचलं.

"ह्ये कुनी लिवलंय?"

"मीच," हे म्हणाले.

"चुकलंय ह्ये."

"झुंबरबाईंचं तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते खरं हाय. तिच्यापायी फोडलं, ह्यात खोटं न्हाई." बाजीरावांनी भोवती बघितलं. विद्यार्थी होते, पवन होता, मी होते. तरी ते थांबले नाहीत. "पन आमचा सुतार म्हनला हुता, फोडू नगा, येक फळी बसवतो, उचलून आत जायाची. खाली टाकली की टेबल परत अखंड. मी म्हनलं, नगं, फोडूनच टाका. आन फोडलं त्याच्या दुसऱ्या दिशी आमी समदी दाराकडच्या अंगाला जाऊन बसलो. तुमची मानसं दुसऱ्या टोकाला गेली. कुनी कुनाला सांगितलं न्हवतं. पयला मी सरकलो." त्यांनी फलकावर बोट ठेवलं. "त्याआधी दीड वरीस माज्या शेजारी कोन बसतंय ह्ये मी बघितलं न्हवतं. बघून जानार कुटं, टोकच न्हवतं. तुमी कशापायी समदं आपल्या नावावर घेता?"

पवन फोनमध्ये बघत उभा राहिला. चैतालीने हळूच विचारलं, "आजोबा, हे खाली लिहू का?"

"लिव. माज्या नावानं लिव. बाजीराव गराडे, शिरगाव."

ते सांगत गेले आणि तिने फलकाच्या खालच्या मोकळ्या जागेत काळ्या मार्करने लिहिलं. सुताराची फळी, दाराकडची बाजू, पहिला कोण सरकला, सगळं. बाजीरावांनी ते तिच्याकडून वाचून घेतलं, मग 'बरोबर हाय' म्हणून पवनचा हात धरला.

हे खुर्चीत बसून होते. पन्नास वर्षांचा ह्यांचा संशय खरा ठरला होता, तोही ज्याच्यावर होता त्याच्याच तोंडून, चारचौघांत. दुसरा कुणी असता तर त्याला जिंकल्यासारखं वाटलं असतं. पण मधले काही आठवडे ह्यांनी सगळी चूक आपली मानली होती, आणि आमच्या संसारात मी ह्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. ते आठवडे माझ्या डोळ्यांदेखत संपले. माझा जीव तुटला. बाजीरावांनी खरं सांगितलं म्हणून त्यांचे आभार मानावेत की त्यांना हाताला धरून बाहेर काढावं, मला कळेना.

ह्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"नंदा," हे म्हणाले, "माझं नाव नीट छापलंय का बघ."

मी फलकाजवळ गेले आणि ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव वाचून दाखवलं.